करकोच्याचा उसासा

माझं नाव अस्पारुह. आमच्या बल्गेरियाच्या पहिल्या राजाचंही हेच नाव. वडिलांनी ते मोठ्या हौसेने ठेवलं आणि पोरगा काहीतरी करून दाखवेल म्हणून वाट बघत बसले. पोराने चाळीस वर्षं बाहुल्यांच्या थिएटरात काळ्या पडद्यामागे उभं राहून काढली. मी कांदा झालो, लांडगा झालो, राजाचा घोडा झालो, एका नाटकात तर नुसती सर्दी झालो. राजा मात्र कधी झालो नाही. राजाचं काम कायम देल्चोकडे, कारण त्याचा आवाज भारदस्त होता आणि त्याची बहीण दिग्दर्शकाला दिलेली होती. माझ्या मते दुसरं कारण पहिल्यापेक्षा जास्त भारदस्त होतं.

निवृत्त झाल्यावर मी घरी टोमॅटो लावत बसलो होतो, तेव्हा सोफियाहून एका कंपनीचा फोन आला. त्यांनी पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणारा प्रोग्राम तयार केला होता. मूल हेडफोन लावून संगणकासमोर बसतं, पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचतं, संगणक ऐकतो आणि बरोबर की चूक ते सांगतो. सांगणारा होता श्तर्को नावाचा करकोचा, आणि त्याला आवाज हवा होता. नावाजलेल्या नटांना विचारून झालं होतं, त्यांना वेळ नव्हता. मग कुणीतरी सांगितलं की दुनाव नदीच्या काठी ब्रेस्तोवेत्स गावात एक म्हातारा आहे, तो कशाचाही आवाज काढतो आणि कुरकुर करत नाही. आता करकोच्याला मुळात आवाजच नसतो, तो बिचारा नुसती चोच वाजवतो. ज्या पक्ष्याला देवाने आवाज दिला नाही त्याला माझा दिला, यातच काय ते आलं.

तरी मी कोट घालून गेलो. काचेच्या खोलीत ल्युबेन नावाच्या कानात बाळी घातलेल्या पोराने मला मायक्रोफोनसमोर उभं केलं. वाक्यं साधीच होती. ‘शाब्बास.’ ‘छान चाललंय.’ आणि मूल चुकलं किंवा अडलं तर, ‘काही हरकत नाही, राजा. पुन्हा एकदा.’ मी ती करकोच्याला शोभेल अशा उंच, किंचित शेंबड्या आवाजात म्हणत गेलो. शेवटच्या वाक्याला आलो आणि ‘राजा’ हा शब्द दिसल्यावर मला देल्चो आठवला. सोनेरी कागदाचा मुकुट घातलेला, मधल्या प्रवेशात सँडविच खाणारा देल्चो. माझ्या तोंडून आपोआप एक उसासा बाहेर पडला. चाळीस वर्षं साठवलेला असल्यामुळे तो चांगला लांब होता. अर्ध्यात थोडा थरथरला, शेवटी एक बारीकशी शिट्टी झाली, आणि मग मी वाक्य म्हटलं.

ल्युबेनने कानावरचे हेडफोन काढले आणि विचारलं, “काका, हे काय होतं?”

“चुकून झालं. परत करतो.”

“नको,” तो म्हणाला. “हे राहू दे.”

आयुष्यात माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी पहिल्यांदाच ‘राहू दे’ म्हणत होतं. परतीच्या बसमध्ये मी वाटभर स्वतःशीच हसत होतो, आणि शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून दुसऱ्या बाकावर जागा धरली.

प्रोग्राम शाळाशाळांमधून चालायला लागला. एक पान नीट वाचून झालं की करकोच्याच्या घरट्यात एक बेडूक पडायचा. दर शुक्रवारी आईबापांच्या फोनवर निरोप जायचा, आपल्या मुलाने या आठवड्यात इतके बेडूक मिळवले आणि श्तर्कोने इतके उसासे टाकले. होय, उसासे मोजायची कल्पना कंपनीला माझ्यावरूनच सुचली. गावातल्या बायका भाजीच्या रांगेत एकमेकींना पोरांचे बेडूक विचारू लागल्या. म्हणजे देशभरातली पहिलीची पोरं माझा आवाज ओळखत होती आणि मला एकही पोर ओळखत नव्हतं. एकदा न राहवून मी बेकरीत चीज भरलेली बानित्सा मागताना करकोच्याचा आवाज काढला. विकणाऱ्या मुलीने काळजीने विचारलं, आजोबा, घसा बसलाय का. वर लिंबूपाणी घ्यायलाही सांगितलं.

माझ्या घरात मी आणि माझी नात मिग्लेना, दोघंच असायचो. तिची आई, म्हणजे माझी लेक तेमेनुगा, जर्मनीत न्यूरेंबर्गला एका इस्पितळाच्या धोबीखान्यात काम करते. तेमेनुगाचा नवरा कुठे काम करतो ते त्यालाच ठाऊक. आमच्या गावात अशी घरं पुष्कळ आहेत, म्हातारे इथे, नातवंडं इथे, मधली पिढी तिकडे. बायको गेल्यावर तेमेनुगाने मिग्लेनाला माझ्यापाशी ठेवलं ते थोडे दिवस म्हणून, आणि ते थोडे दिवस लांबत गेले. मी काही आठवण करून दिली नाही.

मिग्लेना पहिलीत गेली आणि शुक्रवारचे निरोप न्यूरेंबर्गला पोचू लागले. बेडूक कमी, उसासे जास्त. तेमेनुगा फोन करायची तेव्हा आधी बेडकांची चौकशी व्हायची आणि मग माझी. नाताळ झाल्यावर एकदा तिने पोरीला फोनवरून बाजूला व्हायला सांगितलं आणि मला म्हणाली, “बाबा, मार्चमध्ये अक्षरांच्या सणाला मी येतेय. तोवर तिचं वाचन सुधारलं तर बघू. नाहीतर मी तिला घेऊन जाते. इकडे अशा मुलांसाठी वेगळा वर्ग असतो.”

“अशा म्हणजे कशा?”

धोबीखान्यातली यंत्रं तेवढी मागे गरगरत होती.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू, पोरीच्या भवितव्यासाठी वगैरे नाही, स्वतःसाठी घाबरलो. सकाळी माझ्या आधी उठून कुणीतरी माझ्या चपला लपवतं, घट्ट गोड बोझा पिऊन वरच्या ओठावर मिशी काढतं, माझ्या टोमॅटोंना नावं ठेवतं आणि ती नावं खरोखर वापरतं, याची मला सवय झाली होती. ती गेली तर त्या घरात बोलायला मी एकटा उरणार होतो. आणि मी काय बोलतो ते मला तोंडपाठ आहे.

तेव्हा मी ठरवलं की पोरीला वाचायला मीच शिकवणार. आवाजाचा धंदा केलेला माणूस मी, संगणकाने मला काय शिकवावं. दुसऱ्याच दिवशी मी वाइनच्या बाटलीचं बूच धुऊन आणलं आणि मिग्लेनाला दातांत धरून वाचायला लावलं. थिएटरात आम्ही सगळे असेच शिकलो. बूच धरून बोलायची सवय झाली की ते काढल्यावर शब्द खणखणीत बाहेर पडतो. पोरीने बूच धरून एक पान वाचलं, हनुवटीवरून लाळ गळली, ती पुसून दुसरं वाचलं. मग मी तिला ताठ उभं राहायला शिकवलं. स्वल्पविरामाला थांबायचं आणि श्वास घ्यायचा. पूर्णविरामाला त्याहून जास्त थांबायचं. प्रश्नचिन्हाला तर इतकं थांबायचं की समोरच्या माणसाला वाटावं, आता हा प्रश्न आपल्यालाच विचारलाय. घाईघाईने वाचलं की प्रेक्षक मरतात, असं मी तिला बजावून सांगितलं. प्रेक्षक म्हणजे आमचं मांजर होतं, आणि ते कशानेच मरत नव्हतं.

मिग्लेना ऐकणारी पोर. जे सांगेन ते करायची. पुढच्या शुक्रवारी बेडूक आणखी कमी झाले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेमेनुगाने फोनवर नुसतं “बाबा” म्हटलं. मी संगणकाला शिव्या घातल्या, शाळेला घातल्या, सोफियाच्या कंपनीलाही दोन घातल्या. स्वतःला घालायचं काही कारण मला तेव्हा दिसलं नाही.

मग शाळेतून इल्चेवा बाईंचा निरोप आला, जरा येऊन जा. इल्चेवा बाई म्हणजे लहानपणी आमच्या थिएटरात पहिल्या रांगेत बसून माझा कांदा कापला जाताना ओक्साबोक्शी रडलेली मुलगी. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आधीपासून आदर होता. त्यांनी मला वर्गाच्या मागच्या कपाटाआड उभं केलं आणि काही न बोलता बघायला सांगितलं. कशाच्याही आड उभं राहायची मला सवय होतीच.

पोरं हेडफोन लावून वाचत होती. खिडकीजवळच्या एका गुबगुबीत मुलाने आख्खं पान सरळ वाचलं, शेवटच्या शब्दाला मुद्दाम थांबला, शेजारणीला कोपर मारलं आणि ‘गोठ्यात’च्या जागी ‘पोटात’ असं ठणकावून वाचलं. मग दोघांनी एकच हेडफोन मधे धरून दोन्ही बाजूंनी कान लावले. मला तो उसासा ऐकू येत नव्हता, पण कुठे आला ते कळत होतं, कारण त्या दोघांनी तो थरथरीसकट, शेवटच्या शिट्टीसकट तोंडाने काढला आणि बाकावर डोकं टेकून खिदळत सुटले. पलीकडच्या रांगेतही तेच. त्याच्या पलीकडेही तेच. अख्खा वर्ग माझ्या उसाशासाठी चुकत होता.

बाई गंभीर होत्या आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. चाळीस वर्षांत माझ्या कामाला एवढी दाद मिळाली नव्हती, आणि तीही मूळ नाटकात नसलेल्या जागेला. मी ती दाद डोळे भरून बघत राहिलो. मिग्लेना कुठे बसलीय, ती हसतेय का, हे बघायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी मला कॉफी दिली आणि म्हणाल्या, “स्पारूकाका, तुम्ही कांदा होता तेव्हा निदान आमचं नुकसान करत नव्हता.”

त्यांनी कंपनीला कळवलं होतं. उसासा काढून टाकायचं ठरलं होतं. ईस्टर झाल्यावर मी सोफियाला जाऊन तेवढं वाक्य कोरडं म्हणून द्यायचं होतं. मी कबूल केलं. नाही तरी काय म्हणणार होतो. माझी सगळ्यात गाजलेली भूमिका मुलांच्या प्रगतीला बाधक ठरली होती.

घरी आल्यावर मी मिग्लेनाला जवळ बसवलं आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणालो की मला सगळं कळलंय, तूही आजोबाचा उसासा ऐकायला मुद्दाम चुकतेस ना, आता पुरे कर. मला वाटलं ती लाजेल.

“मी मुद्दाम नाही चुकत,” ती म्हणाली. “मी थांबते म्हणून तो उसासा टाकतो. तू म्हणतोस स्वल्पविरामाला थांब, श्वास घे. मी थांबले की करकोच्याला वाटतं मी अडले. तू म्हणतोस थांब, तो म्हणतो पुन्हा एकदा. दोघांचा आवाज एकच आहे, आजोबा. मी कुणाचं ऐकू?”

मी कपाटातून एक गोष्टींचं पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं. ती ताठ उभी राहिली आणि वाचू लागली. एकही शब्द चुकली नाही. फक्त प्रत्येक वाक्याला असं काही थांबत होती की जणू समोर भरगच्च थिएटर आहे. पोरीला वाचता येत होतं. कदाचित नाताळातच येत असेल, मी तोंडात बूच कोंबायच्या आधी. पोर शिकत होती आणि मी एकदा समोर बसून तिला वाचायचं बिघडवत होतो, एकदा संगणकात बसून त्याबद्दल उसासे टाकत होतो. देल्चोला हे कळतं तर त्याने मुकुट उडवून टाळ्या वाजवल्या असत्या.

मी तिला विचारलं, करकोच्याचा आवाज तुझ्या आजोबाचा आहे हे वर्गात सांगितलंस का. सांगितलं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. खिडकीजवळचा गुबगुबीत मुलगा म्हणाला, करकोचा संगणकात असतो, तुझा आजोबा टोमॅटो लावतो.

तेमेनुगाला फोन करून खरं सांगावं म्हणून मी दोनदा फोन उचलला. पण सांगणार काय? पोर हुशार आहे, फक्त तुझा बाप तिला बिघडवतोय, असं? ते ऐकून तिने त्याच दिवशीच्या बसचं तिकीट काढलं असतं. मी फोन ठेवला आणि मिग्लेनाला म्हटलं, करकोच्यासमोर जरा भरभर वाचत जा. तिने एक दिवस वाचून बघितलं, शब्द एकमेकांच्या पायात अडकले, आणि तिने वर बघून मला आठवण करून दिली की घाईने वाचलं तर प्रेक्षक मरतात.

मार्चमध्ये तेमेनुगा आली. तिची सूटकेस भली मोठी होती. मी ती बसमधून उतरवून घ्यायला जोर लावला आणि मागच्या मागे कोलमडलो, कारण ती रिकामी होती. कशाने भरायची आहे ते विचारायची गरज नव्हती.

अक्षरांच्या सणाला पहिलीतल्या प्रत्येक मुलाला एक अक्षर मिळतं. पुठ्ठ्याचं अक्षर छातीवर लावून पोर पुढे येतं आणि त्या अक्षराची कविता म्हणतं. मिग्लेनाला आलं होतं ते आमच्या वर्णमालेच्या शेवटाकडचं बारकं मऊ चिन्ह. त्याच्यापासून एकही शब्द सुरू होत नाही, त्याला स्वतःचा आवाज नाही, ते फक्त शेजारच्या अक्षराला मऊ करतं. मी बाईंकडे जाऊन तक्रार केली होती की आमच्या घराण्यात कांद्याची कामं किती पिढ्या चालायची. बाई म्हणाल्या, हे अक्षर मी सगळ्यांना विचारलं, कुणाला नको होतं. मिग्लेना म्हणाली, मला द्या.

सभागृह भरलेलं होतं. सगळ्यांच्या मनगटांवर मार्चमध्ये बांधतात त्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांच्या मार्तेनित्सा होत्या, आयांच्या हातांत फोन होते. मी आणि तेमेनुगा तिसऱ्या रांगेत बसलो. पोरं एकेक करून आली, भराभर कविता म्हणून पळाली. गुबगुबीत मुलगा विसरला, हसला आणि त्यालाही टाळ्या पडल्या. मग मिग्लेना पुढे आली. ताठ उभी राहिली. हातातला कागद डोळ्यांसमोर धरला. बाकी पोरांनी पाठ करून म्हटलं होतं, हिला वाचून म्हणायचं होतं. तेमेनुगाने माझं मनगट धरलं.

“माझ्यापासून कुठलाच शब्द होत नाही सुरू,
एकटीला उभं केलं तर मी काय करू?”

आणि मिग्लेना थांबली.

एक श्वास गेला. दुसरा गेला. सभागृहात खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. तेमेनुगाची बोटं माझ्या मनगटात रुतली. गेलं, अडली पोर, आता सूटकेस भरणार, असं माझ्या डोक्यात आलं आणि प्रश्नचिन्हाला थांबायला मीच शिकवलं होतं हे साफ विसरून गेलो. माझ्या छातीतून जे निघालं ते मी आवरू शकलो नाही. लांब, मधे थरथरणारं, शेवटी बारीक शिट्टी होणारं. त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

मग पुठ्ठ्याची सगळी अक्षरं एकदम वळली आणि ‘श्तर्को, श्तर्को’ म्हणून ओरडू लागली. गुबगुबीत मुलगा तर बाकावर उभा राहून माझ्याकडे बोट दाखवत होता. मी मान खाली घातली. पडद्याची इतकी गरज मला आयुष्यात कधी भासली नव्हती.

मिग्लेनाने गडबड ओसरू दिली. ते मी शिकवलेलं नव्हतं, ते तिचं तिलाच येत होतं. मग तिने कागदावरून माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच उंच, शेंबड्या आवाजात म्हणाली, “काही हरकत नाही, राजा. पुन्हा एकदा.”

आणि तिने पहिल्या ओळीपासून परत वाचलं. प्रश्नचिन्हाला परत तितकीच थांबली. या वेळी सगळं सभागृह तिच्याबरोबर थांबलं, आणि तिने शेवटच्या दोन ओळी वाचल्या:

“पण शेजारच्या अक्षराचा धरते जेव्हा हात,
कडक त्याचा आवाजसुद्धा मऊ होतो आत.”

तेमेनुगा हसत होती आणि रुमाल शोधत होती. कार्यक्रम संपल्यावर पोरांनी मला घेरलं आणि मी दम लागेपर्यंत उसासे टाकले. गुबगुबीत मुलाने मिग्लेनाची माफी मागितली आणि तुझ्या आजोबाला टोमॅटोचाही आवाज काढता येतो का, असं विचारलं. भर सभागृहात मला कुणीतरी राजा म्हणालं होतं. ते मी घरापर्यंत चालताना चार-पाचदा मनात म्हणून बघितलं.

जेवताना मी तेमेनुगाला सगळं सांगून टाकलं, बूच, श्वास, मांजर, सगळं. ती ताटातल्या भरलेल्या मिरचीकडे बघत ऐकत राहिली. मग मी विचारलं, “आता ती राहिली ना इथेच?”

तेमेनुगाने मान आडवी हलवली. आमच्याकडे मान आडवी हलली की ते ‘हो’ असतं. मी उठलो, कपाटातली रकियाची बाटली काढली, मांजरालासुद्धा चीज दिलं आणि गाणं म्हणत झोपायला गेलो.

सकाळी उठून बघतो तर तेमेनुगा पलंगावर पोरीचे स्वेटर घड्या घालत होती आणि सूटकेस उघडी होती. मी दारातच उभा राहिलो. मी म्हणालो की काल तू हो म्हणालीस. ती गोंधळली आणि मग तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं जर्मनांत राहून तिची मान त्यांच्यासारखी झाली होती.

“मी नाही म्हणत होते, बाबा,” ती म्हणाली.

“पण तिला वाचता येतं. तू ऐकलंस ना काल.”

“ऐकलं. बेडकांचं निमित्त होतं.” तिने हातातला स्वेटर खाली ठेवला. “मी दिवसभर अनोळखी लोकांच्या चादरी धुते आणि घरी येऊन फोनवर बेडूक मोजते. मला माझी मुलगी हवीय.”

मलाही माझी मुलगी हवी होती. पण ती कुणाकडे मागायची हे मला कधी कळलं नव्हतं, म्हणून मी तिच्या मुलीला धरून बसलो होतो. मी मिग्लेनाच्या चपला शोधायला गेलो. त्या तिने माझ्याच पलंगाखाली लपवल्या होत्या.

निघताना मी उंबऱ्यावर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून आम्ही ओततो तसं. निम्मं पाणी मिग्लेनाच्या बुटांत गेलं. ती ओल्या बुटांनी बसमध्ये चढली आणि खिडकीतून मला मांजराला काय खायला घालायचं ते खुणांनी सांगत राहिली. मी सगळ्याला होकार देत राहिलो. शेवटी काचेला वाफ धरली आणि तिला काहीच दिसेनासं झालं.

मग ते घर तसंच झालं, जसं होईल म्हणून मी घाबरलो होतो. मी मांजराशी बोललो, टोमॅटोंची रोपं लावली, त्यांना तिने ठेवलेल्या नावांनी हाक मारली. तेमेनुगाने तिकडच्या संगणकावर करकोचा घालून घेतला होता, पोर आपली अक्षरं विसरू नये म्हणून. शुक्रवारचा निरोप आता माझ्या फोनवर यावा अशी व्यवस्थाही तिने केली. तिच्या लेखी ती माझी भरपाई असावी.

पहिल्या शुक्रवारी मी चष्मा लावून बघितलं. बेडूक इतके होते की घरट्यात मावू नयेत. आणि उसासेही तेवढेच होते. जितकी पानं तितके उसासे. मला वाईट वाटलं. पोरीच्या डोक्यातून माझे श्वास आणि थांबे अजून गेलेले नाहीत असं वाटलं. मी तेमेनुगाला फोन केला आणि म्हणालो की तिला सांग, आजोबाचं काही ऐकू नकोस, सरळ वाच.

“सरळच वाचते ती,” तेमेनुगा म्हणाली. “घडाघडा वाचते. फक्त प्रत्येक पानावर शेवटचा शब्द चुकते. चुकते, आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून बसते.”

मी फोन ठेवला. बराच वेळ रडलो, मग तोंड धुतलं.

ईस्टरनंतर ल्युबेनचा फोन आला. उसासा काढून टाकायचाय, काका, कधी येताय? इल्चेवा बाईंना दिलेला शब्द मला आठवत होता. त्यांच्या वर्गाच्या वाचनात अजूनही गायी झाडावर चढतात आणि कोंबड्या पोटात झोपतात, आणि बाई समोरून आल्या की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. पण मी ल्युबेनला सांगितलं की माझा घसा बसलाय. कधी बरा होईल, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, नात दुसरीत जाईपर्यंत तरी लक्षण दिसत नाही.

तो लिंबूपाणी घ्या म्हणाला.